पैशाची जात विचारणारे सर

माझे घरमालक सर तीन भाषांत रागवायचे. साधा राग असला तर पुस्तकी मराठीत: "आपण अत्यंत निष्काळजी गृहस्थ आहात." राग चढला की इकडच्या झाडीबोलीत: "काऊन बे, डोस्कं गहाण ठेवलं का?" आणि या माणसाशी आता जन्मात बोलायचं नाही असं ठरलं की हिंदीत. हिंदीत ते दोनच शब्द बोलत, "आप जाइए." गोंदिया शहरात निम्मे लोक हिंदीच बोलतात. त्यामुळे ज्याला ते ऐकवायचे त्याला कित्येकदा कळायचंही नाही, की आपला इथला निकाल कायमचा लागला.

मला त्यांनी हिंदीत कधी घातलं नाही. हे मी आजही उपकार म्हणून सांगतो.

मी माणदेशातला. आठवीत शाळा सुटली ती सुटलीच. ठेकेदाराबरोबर बॉयलरच्या कामाला म्हणून महाराष्ट्राच्या या टोकाला आलो, काम संपलं, ठेकेदार गेला आणि मी राहिलो. धानाच्या कोंड्यापासून तेल काढणारी एक कंपनी आहे, पब्लिक लिमिटेड, तिचा शेअर बाजारात विकला जातो. तिथं रोजंदारीवर लागलो. बायको आणि पोरगी गावाकडं. त्यांना इकडं आणायचं, पोरीला इथल्या शाळेत घालायचं, एवढा एकच विचार घेऊन मी झोपायचो आणि तोच घेऊन उठायचो.

खोली शोधायला निघालो तर जे ते दार अर्धं उघडायचं आणि आतून एकच प्रश्न यायचा, "सरनेम क्या है?" आडनाव सांगितलं की दुसरा, "मतलब कौन?" मला चोरी केल्यासारखं वाटायचं.

सरांच्या फाटकाला बेल होती, पण तिची वायर त्यांनीच तोडलेली. फाटकावर पाटी: "कामाचे स्वरूप मोठ्याने सांगावे." मी रस्त्यावर उभा राहून ओरडलो, "खोली पाहिजे."

आतून आवाज आला, "पगार कोठून येते?"

मी कंपनीचं नाव ओरडून सांगितलं. मग ते बाहेर आले. उंच, वाळलेले, उन्हाळ्यातही अंगात बिनबाह्यांचं स्वेटर. मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "कंपनी पगार कमावून देते का आणून देते?"

मला काही कळलं नाही. मी म्हणालो, "एक तारखेला देतात."

"जाऊ द्या. खोली आहे. गळते."

आडनाव त्यांनी विचारलंच नाही. पहिल्या महिन्याची पावती लिहायची वेळ आली तेव्हा मीच सांगितलं, तर पेन थांबवून म्हणाले, "आता स्पेलिंग सांगा."

सर कॉलेजात हिशेबशास्त्र शिकवून रिटायर झालेले. मूळ गाव तिरोड्याकडं, बोदलकशाच्या तळ्याजवळ. घराणं बौद्ध. तरुणपणी नोकरीला म्हणून या शहरात आले तेव्हा त्यांनाही दारोदार तोच प्रश्न ऐकावा लागला होता. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, फाटकाचा गंज खरवडताना, माझ्याकडं न बघता. सांगून झाल्यावर खरवडणं जोरात सुरू झालं आणि त्या आवाजात ते म्हणाले, "माणसाले जात पुसते हे लोक. पैशाले काऊन नाही पुसत?"

हे त्यांचं वाक्य मी नंतर इतक्यांदा ऐकलं की पाठ झालं. माणूस कुठून आला याच्याशी कुणाला घेणंदेणं नसावं, पण पैसा कुठून आला हे प्रत्येकानं विचारावं, असं त्यांचं म्हणणं होतं. उसना आलेला पैसा वेगळा, विश्वासानं ठेवायला दिलेला वेगळा, भांडवल म्हणून आणलेला वेगळा आणि घाम गाळून कमावलेला वेगळा. खिशात गेल्यावर सगळ्या नोटा सारख्याच दिसतात, म्हणून तर डोकं ठेवायचं. मी एकदा म्हणून बसलो, "सर, शेवटी पैसा तो पैसाच की." त्या दिवशी मला संध्याकाळचं पाणी मिळालं नाही. टाकीचा कॉक त्यांच्या हातात होता.

माझं खोलीचं डिपॉझिट त्यांनी बँकेत टाकलं नाही, खर्चलं नाही. बिस्किटाच्या एका पत्र्याच्या डब्यात ठेवलं. दर दिवाळीला डबा उघडून मला दाखवायचे. "बघून घ्या. हे तुमचं आहे. माझ्या घरात आहे म्हणून माझं नाही." मला संकोच व्हायचा. मी म्हणायचो, सर, विश्वास आहे. तर म्हणायचे, "विश्वास असतो तेव्हाच बघायचं असतं. नंतर बघून काय उपयोग?"

भाजीवाल्याशी त्यांचं हाडवैर होतं, तेसुद्धा कोथिंबिरीवरून. भाजी घेतली की तो पठ्ठ्या वरून चार काड्या टाकायचा. सर पिशवी उलटी करायचे. "हे वरचं कायच्या हिशोबात देलं?"

"सरजी, प्यार से दिया."

"मग प्यार म्हणून वेगळं दे. भाजीच्या भावात लपवून देऊ नको."

बाजार हसायचा. मला शरम वाटायची, मी चार पावलं मागं राहायचो. आता वाटतं, हसणाऱ्यांचीच थोबाडं आधी बघायला हवी होती.

कंपन्यांचे छापील अहवाल ते पोस्टानं मागवायचे आणि मागच्या पानापासून वाचायचे. का, विचारलं तर म्हणाले, "पुढे फोटो असतात. खरं बारीक अक्षरात मागे असतं. छापावं लागतं म्हणून छापतात, कुणी वाचू नये म्हणून बारीक छापतात." माझ्या कंपनीचाही अहवाल त्यांच्याकडं यायचा. तिचे थोडेसे शेअर त्यांनी मुद्दाम घेऊन ठेवले होते, वर्षातून एकदा भागधारकांच्या सभेत प्रश्न विचारता यावा म्हणून. दुसरं कारण नाही. नफ्याची आशाही नाही.

त्यांच्या गावच्या मंडईला ते मला एकदा घेऊन गेले. दिवाळी सरली की या भागात गावोगाव मंडई भरते, जत्रेसारखी, आणि रात्री नाटक होतं. नाटकाची एक रीत मी तिथंच पहिल्यांदा बघितली. खुर्चीचं तिकीट पन्नास रुपयांचं, पण गावातला मातब्बर माणूस पन्नास देऊन बसत नाही. तो पाचशे देतो. मग नाटक थांबवून माइकवर त्याचं नाव घेतात. त्या रात्री नायकाचा बाप मरत होता. तो मरायचा थांबला, उठून बसला, तीन-चार नावं पुकारून झाली, टाळ्या झाल्या, मग परत आडवा होऊन मेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंडळानं गावासमोर हिशोब सांगितला. अध्यक्ष म्हणाले, यंदा नाटकाला भरपूर नफा झाला. सर उठून उभे राहिले. मी त्यांचा सदरा धरून खाली ओढला, तर हातावर फटका बसला.

"नफा नाटकानं कमावला का लोकायनं वरून देला?"

अध्यक्ष म्हणाले, "सरजी, पैसे आले ना? आले म्हणजे नफा."

"पाचशे देले त्याच्यात पन्नास खुर्चीचे. वरचे साडेचारशे त्यायनं मंडळावर भरोसा ठेवून देले. ते मंडळाचेच झाले. परत नाही द्यायचे. पडदा घ्या, स्टेज बांधा, उभं राह्यासाठीच आहे ते. पण नाटकानं कमावले म्हणू नका. नाटकाची कमाई खुर्चीचे पन्नास. त्याच्यात नट लोकायचे पैसेही निघाले नाही. नाटक तोट्यात आहे."

"शुभ दिवशी असं काऊन बोलता जी?"

"पाव्हणा घरी येताना तांदूळ घेऊन आला, तर तुमच्या धानाच्या बांधीत पीक आलं का?"

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. अध्यक्षांचा चेहरा उतरला, मग चढला. सरांना मंडळातून काढून टाकलं. त्या 'नफ्या'च्या जोरावर पुढच्या वर्षी महागातली नाटक कंपनी आणली, तिचं नाटक चाललं नाही, आणि पडद्याला पैसे उरले नाहीत. मी सरांना म्हणालो, तुमचंच खरं झालं. ते एवढे भडकले की बस. "खरं झालं म्हणून मी नाचू? माझं गाव आहे ते."

त्या मंडईहून परत येताना एसटीत त्यांनी मला विचारलं, "तू तुझं तिकीट मांडवाबाहेर दुसऱ्याले दोनशेले विकलं असतं, तर मंडळाले काय भेटलं असतं?"

"काहीच नाही. दीडशे माझे."

"मग टीव्हीवर शेअर चढला की तुझ्या कंपनीतले लोक पेढे काऊन वाटते? कंपनीनं स्वतः शेअर विकला, तेव्हा वरचं अधिमूल्य कंपनीले भेटलं. एकदाच. बाकी सारी मांडवाबाहेरची विक्री आहे."

अधिमूल्य म्हणजे प्रीमियम. दहा रुपये दर्शनी किमतीचा शेअर कंपनीनं शंभराला विकला, तर दहा गेले भागभांडवलात, वरचे नव्वद गेले प्रीमियमच्या खात्यात. हे मला तेव्हा एसटीत, धक्के खात खात समजलं. आपल्याला एवढंच समजायचं होतं आणि ते समजलं, असं मला वाटलं. ते कशाशी खातात ते पुढं कळायचं होतं.

कंपनीनं नवे शेअर काढायचे ठरवले. त्यातले काही कामगारांसाठी राखीव. दहाचा शेअर एकशेवीसला. कँटीनमध्ये टेबल लावून एक पोरगा खाती उघडून द्यायला बसला. आमचा सुपरवायझर हिंदी बोलणारा, हसऱ्या तोंडाचा, त्या हसण्याची मला धास्ती होती. तो माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "देख भाई, पर्मनंट की लिस्ट बन रही है. कंपनीपर जिसका भरोसा, कंपनीका उसपर भरोसा. समझा ना?"

समजलं. पर्मनंट म्हणजे फंड, क्वार्टर, पोरीची शाळा. माझ्याकडं बायको-पोरीला आणण्यासाठी साठवलेले पैसे होते, तेवढेच. माझ्या शिफ्टचा टेंभरे म्हणाला, "घेऊन टाक गा. कंपनीची गंगाजळी पाह्यली का? कोटीत आहे. बुडते कशी?"

मी घाबरा माणूस. नाही म्हणायला घाबरतो आणि हो म्हणायलाही. फॉर्म घेऊन सरांकडं गेलो. टेंभरेचंच वाक्य त्यांना म्हणून दाखवलं. ते ऐकताना त्यांच्या कपाळावरची शीर उभी राहिली.

"गंगाजळी. कुठून आली ही गंगा?"

अहवाल काढला. मागून उघडला. बोट ठेवलं. राखीव निधी आणि शिल्लक, या नावाखाली मोठा आकडा. त्याच्या खाली त्याचे तुकडे. पहिला तुकडा प्रीमियम. मागच्या वेळी लोकांनी शेअर घेताना वरून दिलेले पैसे. दुसरा तुकडा कंपनीनं आजवर कमावून साठवलेलं, आणि तो आकडा कंसात होता.

"कंस म्हणजे काय?"

"कंस म्हणजे खड्डा. आजवरचा तोटा." ते पुस्तकी मराठीत बोलत होते, म्हणून मला अजून धीर होता. "लोकांनी आणलेल्या पैशातून खड्डा वजा केला, उरलं त्याला हे गंगाजळी म्हणतात. यात बेकायदा काही नाही. सगळं छापलेलं आहे. प्रीमियम वाईट नसतो. कर्जासारखा फेडायचा नसतो, व्याज नसतं, कंपनीला त्याचा आधार असतो. म्हणून तर त्यातून लाभांश वाटायला कायदा मनाई करतो. तो उभं राहायला दिलेला पैसा आहे."

"म्हणजे तुमच्या डब्यातल्या डिपॉझिटसारखा?"

झालं. "डिपॉझिट परत द्या लागते, मूर्खा! हे परत नाही द्या लागत. दोन्हीत एकच सारखं, का दोन्ही कमावलेलं नाही."

मी विचारलं, "तर मी घेऊ नको?"

"मी कोण सांगणारा? पोरगी तुझी, पैसा तुझा. घ्यायचं तर घे. पण तू एकशेवीस देऊन राहिला त्याच्यातले दहाच भांडवलात, एकशेदहा वरचे, अन् पुढच्या वर्षी तेच एकशेदहा दाखवून हे लोक दुसऱ्या कोण्या टेंभरेले म्हणतील, पाहा आमची गंगाजळी. हे माहीत ठेवून घे."

मी फॉर्म भरला नाही. त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. सुपरवायझर दिसला की मी वाट बदलायचो. कोंड्याच्या पोत्यांवरची माझी ड्यूटी कडक उन्हात लागली. आणि मला सरांचाच राग यायचा. यांचं काय जातं, पेन्शन खातात, बेलच्या वायरी तोडतात. माझी पोरगी तिकडं फोनवर विचारते, "पप्पा, शाळा कधी?"

मग भागधारकांची सभा आली. शहरातलाच एक हॉल. आम्हा दहाबारा जणांना कंपनीचे टी-शर्ट घालून खुर्च्या लावायला, पाणी द्यायला नेलं. गावोगावचे धान उत्पादक आले होते, धुतलेले कपडे घालून. कुणाकुणाच्या गळ्यात एजंटांनी शेअर मारलेले. सर तिसऱ्या रांगेत स्वेटर घालून बसले होते. मला बघितलं, ओळख दाखवली नाही.

कंपनीचे अध्यक्ष बोलायला उठले. परदेशातून शिकून आलेले, मऊ आवाज. म्हणाले, "मित्रहो, आज आपल्या कंपनीची गंगाजळी आजवरची सर्वांत मोठी आहे." आणि आकडा सांगितला. टाळ्या पडल्या. मंडईत नाव पुकारल्यावर पडतात तशाच. फरक एवढाच, की मंडईत देणाऱ्याला टाळ्या मिळतात. इथं ज्यांनी दिलं तेच टाळ्या वाजवत होते, घेणाऱ्यासाठी. माझ्या हातात पाण्याच्या बाटल्यांचा ट्रे होता. तो आपटावा असं वाटलं.

सर माइकपाशी गेले. "अध्यक्ष महोदय, मी एक लहान भागधारक. या गंगाजळीत पिकवलेलं किती आणि आणलेलं किती, एवढंच सभेला सांगावं."

मागच्या रांगांतल्या माना वर आल्या. हिशेबशास्त्र कुणाला येत नव्हतं, पण पिकवलेलं आणि आणलेलं कळत नाही असा माणूस तिथं एकही नव्हता.

अध्यक्ष हसले. "सर, पैसा तो पैसाच. कंपनी मजबूत आहे हे महत्त्वाचं. तांत्रिक तपशील आमचे अधिकारी आपल्याला नंतर देतील."

"नंतर नको." सरांची भाषा बदलली. "दहाच्या शेअरले लोकायनं एकशेवीस देले. वरचे एकशेदहा तुमच्या गंगाजळीत जाऊन बसले. ते कंपनीचेच आहेत, मी नाही म्हणत नाही. पण तुम्ही ते कमावले नाही. ते बाजूले काढा अन् खाली काय राहते ते अठी सांगा, या लोकायसमोर."

"सांगा ना जी," मागून एक म्हातारा म्हणाला.

माइक बंद पडला. सर बिनमाइकचे बोलू लागले. चाळीस वर्षं वर्गात ओरडलेला गळा, माइकची गरज कुणाला होती? तेवढ्यात सुपरवायझर माझ्या कानाशी आला. हसतच. "तेरा मकानमालिक है ना? बाहर ले जा. अभी. नहीं तो कल से गेटपर दिखना मत."

मी ट्रे ठेवला. सरांपर्यंतचं अंतर मी कसं चाललो ठाऊक नाही. जवळ जाऊन उभा राहिलो. हात वर येईनात. ते बोलत होते, बोलता बोलता माझ्याकडं बघितलं, टी-शर्टकडं बघितलं, माझ्या खांद्यावरून मागं सुपरवायझरकडं बघितलं. आणि बोलायचे थांबले.

हळूच म्हणाले, "धर."

"काय?"

"दंड धर. घट्ट धर, लेका. तो पाहून राहिला."

मी धरला. तर हा माणूस मोठ्यानं ओरडायला लागला, "सोड मले! अपमान आहे हा भागधारकाचा! सोड म्हणतो!" आणि माझा हात स्वतःच्या काखेत दाबून मलाच दाराकडं ओढत निघाला. बघणाऱ्याला वाटावं, मीच ओढून नेतोय. मी पायरीवर अडखळलो तर त्यांनी सावरलं, आणि वर ओरडले, "ढकलू नको!"

भागधारकाला असं बाहेर काढता येत नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं. ते तिथं संध्याकाळपर्यंत उभे राहिले असते आणि कुणाची टाप नव्हती. वर्षभर त्या एका प्रश्नासाठी थांबलेला माणूस माझ्या नोकरीसाठी प्रश्न अर्धा टाकून बाहेर आला.

बाहेर रस्त्यावर मी म्हणालो, "सर, माझ्यामुळं..."

"टी-शर्ट उलटा घातला आहे तुम्ही," ते म्हणाले, पुस्तकी मराठीत. "अत्यंत गबाळे दिसता." आणि रिक्षात बसून निघून गेले. कित्येक दिवस बोलले नाहीत.

पुढं काय झालं? काहीच नाही. याचाच मला राग आहे. कंपनी बुडाली असती तर लोक म्हणाले असते, सर खरे. ती बुडाली नाही. लाभांश आला नाही, उत्तर आलं नाही. टेंभरेचे एकशेवीसचे शेअर बाजारात निम्म्यावर आले. तो अजून म्हणतो, "गंगाजळी आहे ना गा." अध्यक्ष अजून तेच भाषण करतात, त्याच मऊ आवाजात, आणि टाळ्या अजून पडतात. कुणी चोरी केली नाही, कुणी खोटा आकडा छापला नाही. लोकांनी विश्वासानं वरून दिलेलं, ते आपलं कर्तृत्व म्हणून मिरवलं, एवढंच. एवढ्याला शिक्षा नाही. सर आता लेकीकडं नागपूरला असतात. सभेला जायला त्यांचे गुडघे साथ देत नाहीत. म्हणजे आता विचारणाराही कुणी नाही.

आणि सर इथं होते तेव्हाच मी पर्मनंट झालो. शेअर न घेता. सुपरवायझरनं वर सांगितलं होतं, "आदमी भरोसेका है, अपने मकानमालिकको भी उठा लाया." पत्र हातात आलं तेव्हा पहिल्यांदा पोरीला फोन केला, मग पेढे घेतले आणि फाटकासमोर उभा राहून ओरडलो, "पेढे आणलेत."

आतून आवाज, "कायचे?"

"पर्मनंट झालो, सर."

ते बाहेर आले. पत्र घेतलं, पाठीमागची बाजू आधी बघितली, मग पुढची. "कामावरून भेटलं?"

मला खोटं बोलता आलं नाही. सुपरवायझर काय म्हणाला ते जसंच्या तसं सांगितलं. वाटलं, आता हिंदी. आता म्हणणार, आप जाइए.

त्यांनी पत्राची घडी घातली.

"हे तू कमावलं नाही," ते म्हणाले.

"नाही, सर."

"हे मी वरून देलं."

"होय."

"मग कमाईत धरू नको. भांडवलात धर. पोरीले आण, शाळेत घाल, उभं राह्यासाठी लाव. फेडायले येऊ नको, ते फेडायचं नसते. पण उद्या कोणासमोर छाती काढून म्हणशील का मी माझ्या हिमतीवर पर्मनंट झालो, तर या फाटकात पाय ठेवू नको."

मला रडू येत होतं. त्यांना ते दिसलं आणि अजून राग आला. पेढ्यांचा पुडा माझ्या हातातून ओढला, सोडला, आतले पेढे बोटानं मोजले, बारावर एक भरला आणि भुवया वर गेल्या.

"हा वरचा एक कायच्या हिशोबात देला पेढेवाल्यानं?"

"पोरीसाठी म्हणाला, सर. शाळा आहे सांगितलं मी."

त्यांनी तो पेढा उचलला, कागदाच्या तुकड्यात वेगळा बांधला आणि माझ्या शर्टाच्या खिशात ठेवला.